सग्वारोपासून पाइनपर्यंत

अ‍ॅरिझोनातील टक्सन शहरातून एका दिवसात जाऊन येण्यासारखे रस्ते बरेच आहेत. पण एकच निवडायचा झाला, तर मी माउंट लेमन या डोंगरावर चढणारा कॅटलिना हायवे निवडेन. शहर सुमारे ७३० मीटर उंचीवर वसलेले असून माउंट लेमनचे शिखर २,७९१ मीटरवर आहे. त्यामुळे जेमतेम ४३ किलोमीटरच्या चढणीत हात उभारून उभे असलेले सग्वारो निवडुंग मागे पडतात, ओकची झाडी लागते आणि शेवटी आपण पाइनच्या थंड सावलीत पोहोचतो. उन्हाळ्यातही वर स्वेटर लागू शकतो, यावर पहिल्या खेपेस माझा विश्वास बसला नव्हता.

हा रस्ता १९३३ ते १९५० या काळात मुख्यतः कैद्यांच्या श्रमांतून तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील जपानी वंशाच्या नागरिकांवर लादलेले निर्बंध नाकारणारे गॉर्डन हिराबायाशी यांनीही येथील कैद्यांच्या छावणीत शिक्षा भोगली. विशेष म्हणजे, सरकारने प्रवासखर्च न दिल्यामुळे ते वाटेत भेटतील त्या वाहनांतून स्वतःच तुरुंगात हजर झाले होते. १९८७ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. छावणीच्या जागेला आता त्यांचेच नाव आहे, आणि तेथे न थांबता पुढे जाणे मला तरी पटत नाही.

वेळ कमी असेल, तर सग्वारो राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व भागातील सुमारे १३ किलोमीटरचा वळसाही पुरेसा सुंदर आहे. पेट्रोल आणि पाणी मात्र शहरातच भरून घ्यावे. माउंट लेमनवरून परतताना वाटेतल्या विंडी पॉइंटला सूर्यास्त गाठावा. तेथील वाऱ्यात माझी टोपी एकदा थेट दरीत गेली आहे.