स्विच नसलेल्या लॅपटॉपवरचा ‘हार्ड ब्लॉक’

लिनक्स टाकलं आणि वायफाय बंद. सेटिंगमध्ये शेरा: हार्डवेअर स्विचने बंद केलं आहे. लॅपटॉपच्या कडा चाचपल्या तरी सरकवायचा स्विच कुठे नाही, आहे ती फक्त विमानाचं चित्र असलेली की. अशा वेळी वायफायचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात वेळ जातो, हाती काही लागत नाही. मी आधी टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ चालवलं; वायफायसारखे रेडिओ कशाने अडवले आहेत ते ही कमांड दाखवते.

वायफायच्या दोन नोंदी दिसल्या. एक खुद्द कार्डाची, ‘फाय०’ नावाची: सॉफ्ट ब्लॉक (सॉफ्टवेअरने घातलेली बंदी) आहे, हार्ड ब्लॉक (हार्डवेअरच्या नावाने असलेली बंदी) नाही. दुसरी प्लॅटफॉर्म मॉड्यूलची, म्हणजे त्या कंपनीच्या लॅपटॉपांच्या खास की आणि स्विच सांभाळणाऱ्या ड्रायव्हरची: हार्ड ब्लॉक आहे. मेख इथेच होती. सॉफ्ट ब्लॉक ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने लगेच उठला. हार्ड ब्लॉक या कमांडला दाद देत नाही, म्हणून तो नेमका कोण सांगतंय ते पाहावं लागतं.

कार्डाच्याच नोंदीत हार्ड ब्लॉक असता, तर मामला तारेचा. वायफाय कार्डावर रेडिओ बंद करणारी एक पिन असते: जुन्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस प्रकारात 20 नंबरची, नव्या एम.2 की-ई प्रकारात 56 नंबरची. ती शून्य व्होल्टला ओढली गेली की रेडिओ बंद. (जुन्या कार्डांची ती पिन लोक कॅप्टॉन टेपने (वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीने) झाकतात. शेवटचा उपाय म्हणून ठीक.) माझ्याकडे कार्ड निर्दोष होतं. मॉड्यूल फर्मवेअरला (लॅपटॉपच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरला) अशा स्विचची स्थिती विचारत होतं, जो या मॉडेलवर बसवलेलाच नाही, आणि उत्तरात आलेलं शून्य ‘बंद’ म्हणून पुढे ढकलत होतं.

‘सुडो मॉडप्रोब -आर’ पुढे मॉड्यूलचं नाव देऊन ते उतरवलं, नेटवर्कची यादी लगेच दिसली. मग ईटीसीमधल्या मॉडप्रोब.डी फोल्डरात ‘ब्लॅकलिस्ट’ची एक ओळ घातली, म्हणजे ते मॉड्यूल सुरू होताना आपोआप चढणार नाही. याची किंमत आहे: टचपॅड बंद-चालूसारख्या काही एफएन-की त्याच मॉड्यूलवर चालतात, त्या गेल्या. म्हणून आधी कर्नल (लिनक्सचा गाभा, ज्यात ही मॉड्यूल येतात) नवा करून बघणं बरं. स्विच नसलेल्या मॉडेलांची नोंद अशा मॉड्यूलमध्ये नंतर होत जाते, आणि मग ब्लॅकलिस्टची गरजच उरत नाही.

राहिली विमानाची की. ती दाबली की वायफाय जायचं, पण परत दाबल्यावर यायचंच असं नाही. एका खिडकीत ‘आरएफकिल इव्हेंट’ (ब्लॉकमधले बदल दाखवतं) आणि दुसऱ्या खिडकीत ‘ईव्हीटेस्ट’ (दाबलेल्या कीचे कोड दाखवतं) लावून की दाबली. एका दाबण्यात फर्मवेअरने स्वतः रेडिओ बंद केला, शिवाय 247 हा कीकोडही (रेडिओ बंद-चालूच्या कीचा क्रमांक) पाठवला. तो पाहून डेस्कटॉपने वर सॉफ्ट ब्लॉक लावला. दोन मालक, एक की. ईव्हीटेस्टमध्ये दिसलेला स्कॅनकोड (कीचा कच्चा कोड) यूडेव्ह या उपकरणं सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या एचडब्ल्यूडीबी फाइलमध्ये ‘रिझर्व्ह्ड’, म्हणजे निकामी, केला, ‘सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ आणि ‘यूडेव्हएडीएम ट्रिगर’ चालवलं. आता डेस्कटॉपला ती कळत नाही, की फक्त फर्मवेअरची.

विंडोजमध्ये हा घोळ सहसा दिसत नाही. विंडोज 8 पासून ही की नुसतं बटण म्हणून सिस्टीमला कळवता येते, बंद-चालू विंडोज करतं.

रीबूटनंतर वायफाय पुन्हा बंद दिसलं तर घाबरू नका. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) सॉफ्ट ब्लॉकची शेवटची स्थिती जपून ठेवतं आणि लॅपटॉप सुरू होताना तीच लावतं. एकदा अनब्लॉक करून नीट शटडाउन केलं की पुरतं.