धोंडसाचा भाव

श्रावण सरत आला की तवशाच्या, म्हणजे आमच्या पावसाळी मोठ्या काकडीच्या, मांडवाखाली उभं राहून नीट वर बघावं. पानांच्या आड एखादं तरी तवसं असं निघतंच, की रोज येता-जाता सगळे त्याच्याखालून गेले आणि कुणालाच ते दिसलं नाही. तोवर ते चांगलं हातभर झालेलं असतं. हिरवेपणा जाऊन पिवळं पडलेलं, साल जाड, आत बिया टणक. कोशिंबिरीला ते गेलं कामातून. धोंडसाला, म्हणजे आमच्या कोकणातल्या काकडीच्या केकला, मात्र आत्ता कुठे लायक झालं.

मुलांना स्वतःच्या हाताने भाज्या लावू द्या, म्हणजे ती आवडीने खातील, असं हल्ली जिथेतिथे वाचायला मिळतं. आमच्या धाकट्याने हे वाचलेलं नाही. मिरगाला बी त्यानेच पुरलं, वेल मांडवावर त्यानेच चढवला. पहिली फुलं गळाली तेव्हा तो रडवेला झाला, तर सातवीतल्या ताईने पावसात उभं राहून त्याला शिकवलं, की ही नर फुलं, ही गळणारच. ज्या फुलाच्या मागे इवलीशी काकडी असते ते मादी फूल. आता तो रोज सकाळी दप्तर पाठीला लावून मादी फुलं मोजतो आणि रात्री कोशिंबीर ताटाच्या कडेला सारतो. वेलावर माया आहे, काकडीवर नाही.

मग आया लपवालपवी करतात. मीही केली आहे. चॉकलेट केकमध्ये बीट किसून घातलं. ओव्हनच्या उष्णतेने बिटाचा लाल रंग बराचसा उडतो, त्यामुळे दिसायला काही कळत नाही. पण तो मातकट वास जाता जात नाही. धाकट्याने एक घास घेतला आणि पोलिसासारखा माझ्याकडे बघत राहिला.

धोंडसात लपवायचं काही नसतंच. तवसं सोलायचं, बिया काढायच्या, टोक चाखून कडू नाही ना ते बघायचं. किसाला जे पाणी सुटतं ते टाकायचं नाही. काकडीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यातच तुपावर भाजलेला तांदळाचा रवा शिजतो. वरून दुसरं पाणी घालणाऱ्या माणसाकडे सासूबाई बोलत नाहीत, नुसत्या बघतात. मग गूळ, ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, वेलची. तळाला हळदीचं पान घालायचं, आणि इथे तडजोड नाही. पान नसेल तर त्या दिवशी सरळ शिरा करावा.

ब्रिटनमध्ये १९४० च्या जानेवारीत साखरेचं रेशन सुरू झालं, तेव्हा तिथल्या बायका गोडीसाठी केकमध्ये गाजर किसून घालत. त्यांनाही मुलांना फसवायचं नव्हतं. साखर कमी होती आणि गाजर दारात होतं. आमच्याकडे तवसं दारात असतं, एवढाच फरक. भाजी पौष्टिक म्हणून केकमध्ये घालायची, ही कल्पना भरल्या फ्रीजमधून आलेली असावी.

सासूबाईंच्या लहानपणी पातेलं चुलीवर चढायचं आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. वरून विस्तव, खालून विस्तव. आमचा ओव्हनही तेच करतो, फक्त कोकणातल्या पावसात त्याचा भरवसा नाही. परवा धोंडस निम्मं झालं आणि लाईट गेली. "बघू आता तुझा ओव्हन," असं म्हणून सासूबाई उत्साहाने उठल्या. गॅसवर जाड तवा, तव्यावर पातेलं, आणि झाकणावर निखारे ठेवायला ताई चूल पेटवायला बसली. उद्या तिची चाचणी होती, हे तिला आणि मला दोघींनाही व्यवस्थित माहीत होतं. वरची बाजू अशी खरपूस झाली, की पुढच्या वेळी लाईट जायची वाट बघावी का, असा विचार येऊन गेला.

गरम असताना कापू नये, तुकडे पडतात. सकाळी सुरेख वड्या पडतात आणि त्यावर लोण्याचा गोळा ठेवला तर धाकटा डब्यासाठी हुज्जत घालत नाही. मधल्या सुट्टीत पोरांनी विचारलं, हा कसला केक? "काकडीचा," तो म्हणाला. पोरांनी आधी नाकं मुरडली, मग एकाने चव घेतली, मग सगळ्यांनी. त्यानंतर त्याने फुकट वाटणं बंद केलं. एका वडीला दोन चकल्या, असा भाव ठरला.

हा भाव टिकला नाही. गावात सगळ्यांचीच तवशी एकदम पिकतात, आणि या आठवड्यात वर्गात निम्म्या डब्यांतून धोंडस निघालं. आता चकली अर्धीच मिळते, तीही मोडकी. पुढच्या वर्षी बी मिरगाच्या आधीच लावू, असा त्याचा आग्रह चालला आहे.