त्या नवरीचं पुढे काय झालं?

ग्रीसच्या टूरमध्ये वेर्गिनाला माझं काम दुप्पट होतं. स्थळावर माहिती सांगायची ती लायसन्स असलेल्या स्थानिक गाइडनेच. तो इंग्रजीत सांगतो आणि मागोमाग मी हेडसेटवर मराठीत. त्या दिवशी बत्तीस जणांचा ग्रुप होता आणि पुढे उभ्या होत्या साताऱ्याच्या काकू. महिन्यापूर्वीच मुलीचं लग्न लावून, "आता मोकळी झाले" म्हणत आलेल्या.

वेर्गिना म्हणजे जुनं ऐगाय, मॅसिडोनियाची पहिली राजधानी. राजवाड्याच्या पायथ्याशी तिथलं नाट्यगृह आहे. इसवी सन पूर्व 336 मध्ये राजा फिलिपने, म्हणजे सिकंदराच्या (अलेक्झांडरच्या) बापाने, मुलीचं, क्लिओपात्राचं (इजिप्तची ती नव्हे), लग्न इथे लावलं. नवरदेव तिचा सख्खा मामा, शेजारच्या एपायरस राज्याचा राजा. आपल्याकडे मामा नवरीला बोहल्यापाशी आणतो, इथे मामाच नवरा! दुसऱ्या दिवशी पहाटे मिरवणूक निघाली. बारा देवांच्या मूर्ती आणि तेरावी फिलिपची स्वतःची. मागून तो पांढऱ्या वस्त्रात, अंगरक्षकांना लांब ठेवून चालत आला आणि पौसानियास नावाच्या अंगरक्षकानेच त्याच्या बरगड्यांत खंजीर खुपसला. पळताना त्याचा पाय वेलीत अडकला आणि पाठलाग करणाऱ्यांनी त्याला तिथेच मारलं.

एका काकांनी लगेच विचारलं, "ताई, इथला 'ध' चा 'मा' कुणी केला?"

हा प्रश्न प्रत्येक मराठी ग्रुपमध्ये येतो. शनिवारवाडा आणि नारायणराव आपल्या डोक्यातून जात नाहीत. मी गाइडला एवढंच विचारलं, की मागे कोण होतं? पौसानियासची तक्रार खरी होती. अट्टालस नावाच्या सरदाराने मेजवानीत त्याची घोर विटंबना करवली होती आणि फिलिपने न्याय दिला नाही, कारण त्याची नवी बायको अट्टालसचीच पुतणी. थोरली राणी ऑलिंपियास आणि मुलगा अलेक्झांडर यांच्यावरही संशय घेतला गेला. पण अलेक्झांडरला शिकवलेल्या ॲरिस्टॉटलने आपल्या ग्रंथात त्या अपमानाचंच कारण दिलंय. मलाही तेच पटतं. ज्याला दाद मिळत नाही तो वेडा होतो, त्याला फितवायला कुणी लागत नाही.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "ते राहू दे गं. त्या पोरीचं काय झालं? लग्नात बाप मारला तिचा."

गाइड म्हणाला, "ती एपायरसची राणी झाली," आणि पुढे चालू लागला. काकू हलल्या नाहीत. मी म्हटलं, बसमध्ये सांगते.

नंतर आम्ही मोठ्या टेकाडाखालच्या राजथडग्यांच्या संग्रहालयात गेलो. 1977 मध्ये मानोलिस अँड्रोनिकोसने ती शोधून काढली. आत अंधार, फक्त काचेमागे उजेड. 313 पानं आणि 68 फळं असलेला ओकच्या डहाळ्यांचा सोन्याचा मुकुट सगळ्यांनी पाहिला. तो फिलिपचाच की त्याच्या मुलाचा, अऱ्हिडायसचा, यावर अभ्यासक अजून भांडतात. काकू मात्र चांदीच्या एका कलशापाशी थांबल्या. त्यात तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या अस्थी होत्या. तो बहुधा अलेक्झांडरचा मुलगा, पुढे मॅसिडोनिया बळकावणाऱ्या कॅसँडरने आईसकट मारलेला.

थेसालोनिकीपर्यंत पाऊण-एक तासाचा रस्ता. मी माइक घेतला.

क्लिओपात्राचा नवरा इसवी सन पूर्व 331 मध्ये इटलीतल्या लढाईत गेला, पदरी दोन मुलं. मग 323 मध्ये भाऊ अलेक्झांडर गेला. तिला बायको केलं की सिंहासनावर हक्क सांगता येणार, म्हणून एकेक सेनापती मागणी घालू लागला. ती कित्येक वर्षं आजच्या तुर्कस्तानातल्या सार्डिसला अडकून पडली. अखेर 308 च्या सुमारास त्यातल्याच एकाकडे, इजिप्तच्या टॉलेमीकडे, निघाली, तर अँटिगोनस नावाच्या दुसऱ्या सेनापतीच्या हुकमावरून काही बायकांकरवी तिला ठार केलं गेलं. मग त्याने त्यातल्याच काहींना देहदंड दिला आणि तिची अंत्ययात्रा राजेशाही थाटात काढली!

कायनाने नावाची तिची एक सावत्र बहीण. तिच्या नवऱ्याला अलेक्झांडरने मारलं आणि तिला पर्डिकास या सेनापतीच्या भावाने. धाकटी सावत्र बहीण युरोपा तान्हं मूल होती, ती ऑलिंपियासच्या रागाला बळी पडली.

बसमध्ये कुणी बोलेना. रस्त्यावर शहराची निळी पाटी आली.

काकूंनी पाटी वाचली. "आणि हे गाव?"

"हेही त्याच्या मुलीचंच नाव, काकू. थेसलीत विजय झाला म्हणून फिलिपने तिचं नाव थेसालोनिकी ठेवलं. नवरा कॅसँडरने तिच्या नावाने हे शहर वसवलं."

"मग ही तरी सुखात गेली?"

मी क्षणभर माइक बंद केला. मग तो न वापरताच त्यांना सांगितलं. नवरा गेल्यावर मुलं गादीसाठी भांडली. आई धाकट्याची बाजू घेते म्हणून अँटिपाटरने, पोटच्या मुलाने, तिला मारलं. तिने पाजलेल्या दुधाची शपथ घातली होती, असं जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय.

हॉटेलवर पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, पुण्यात साडेनऊ. मी चाव्या वाटत होते. काकू चावी न घेताच लॉबीच्या कोपऱ्यात फोन कानाला लावून उभ्या होत्या.

"जेवलीस का गं? ... नाही, काही नाही. सहज केला."