सहसंशोधक व्हायचे, तर आधी सक्षमतेचा दाखला?

मानसिक आजाराचा अनुभव असलेल्या व्यक्तींना संशोधनात भागीदार करून घ्यावे, असे आता जवळजवळ सगळेच म्हणतात. परंतु हा भागीदार संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीच्या अर्जात नेमक्या कोणत्या रकान्यात बसवायचा, हे कोणी सांगत नाही. मला स्वतःला बायपोलर आजार आहे. रुग्णालयातून घरी परतलेले लोक औषधे मध्येच का सोडतात, या विषयावरच्या एका अभ्यासात मी आणि आणखी एक शुभार्थी (मानसिक आजाराचा अनुभव असलेली व्यक्ती) सहसंशोधक म्हणून काम करत होतो. आमची निवड, पहिल्या बैठका, प्रश्नावलीचा मसुदा हे सर्व सुरळीत पार पडले, त्यामुळे त्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. अडले ते समितीच्या त्रुटीपत्रापाशी.

त्या पत्रात लिहिले होते की, संशोधन चमूतील मानसिक आजार असलेल्या व्यक्तींबाबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सक्षमतेचा दाखला आणि काळजीवाहू नातेवाइकाची लेखी संमती जोडावी. संशोधनप्रमुख मॅडमकडून असे काहीही मागितलेले नव्हते, आकडेवारी पाहणाऱ्या सहकाऱ्याकडूनही नाही. समितीच्या छापील अर्जात दोनच प्रकारची माणसे होती: संशोधक आणि ज्यांच्यावर संशोधन होते ते. आमच्या नावापुढे आजाराचा उल्लेख दिसताच आम्हाला दुसऱ्या रकान्यात ढकलण्यात आले आणि ‘असुरक्षित गट’ या शीर्षकाखालचे सगळे नियम आपोआप लागू झाले. ते नियम वाईट नाहीत. मनोरुग्णांवर त्यांच्या नकळत प्रयोग झाल्याचा इतिहास आहे आणि त्यातूनच हे संरक्षण आले आहे. पण ज्याच्याकडून माहिती गोळा करायची आहे, त्याचे संरक्षण करणे वेगळे आणि जो माहिती कशी गोळा करावी हे ठरवतो, त्याच्याकडे दाखला मागणे वेगळे.

माझे डॉक्टर दाखला द्यायला लगेच तयार होते. मॅडमचेही मत पडले की, एक कागद जोडून टाकावा म्हणजे काम पुढे सरकेल, कारण समितीची बैठक ठरावीक काळानेच होते आणि एक उत्तर अपुरे ठरले की पुढच्या बैठकीपर्यंत सगळे थांबते. मी नकार दिला. तो दाखला एकदा त्या फाइलीत गेला असता, तर माझ्यानंतर येणाऱ्या प्रत्येक शुभार्थ्याकडे तोच मागितला गेला असता, आणि ‘मागच्या वेळी दिला होता’ हे कोणत्याही कार्यालयातले सर्वांत बळकट कारण असते. मॅडम काही काळ नाराज होत्या. त्यांची अडचण खरी होती, निधीची मुदत संपत आली होती. तरीही आज विचारले, तरी मी हेच करीन.

आमचे पहिले उत्तर लांबलचक होते. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील बारावे कलम कायद्यापुढील समान मान्यतेविषयी आहे, हे आम्ही लिहिले. निर्णयक्षमता ही त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती तपासायची असते, निदानावरून ठरवायची नसते, हेही लिहिले. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०२४ च्या सुधारित आवृत्तीत संशोधनापूर्वी, संशोधन चालू असताना आणि नंतरही संभाव्य सहभागी व त्यांच्या समुदायांशी अर्थपूर्ण संवाद ठेवावा असे म्हटले आहे, याचाही हवाला दिला. उत्तरादाखल तेच त्रुटीपत्र पुन्हा आले. शब्दही तेच होते, फक्त तारीख नवी होती. कार्यालयात फोन केला, तेव्हा समजले की आमचे टिपण सदस्यांपर्यंत पोहोचलेच नव्हते. मागितलेले कागद जोडलेले नाहीत, एवढ्यावरच छाननीत ते परत फिरवले होते.

शेवटी उपयोगी पडला तो एका पानाचा तक्ता. एका बाजूला ‘सहभागी’: यांची माहिती गोळा होईल, यांची संमती घेतली जाईल, यांना कधीही माघार घेता येईल. दुसऱ्या बाजूला ‘सहसंशोधक’: यांची कोणतीही वैद्यकीय माहिती गोळा होणार नाही, हे प्रश्नावली तयार करतील, मुलाखतींचे विश्लेषण करतील आणि गोपनीयतेच्या त्याच करारावर सही करतील ज्यावर चमूतील इतरांनी केली आहे. खाली एकच वाक्य होते: सक्षमतेचा दाखला आवश्यक असल्यास तो चमूतील सर्वांकडून घ्यावा, ही विनंती. हे पान आम्ही अर्जाच्या अगदी वर लावले आणि बैठकीत प्रत्यक्ष उपस्थित राहण्याची तयारी लेखी कळवली. बोलावणे आले नाही, मंजुरी आली. ‘सहसंशोधकांसाठी आधाराची योजना असावी’ एवढीच अट होती, आणि ती योजना आमच्याकडे पहिल्यापासून तयार होती.

त्या योजनेविषयी सांगायला हवे, कारण ती कोणासाठीही उपयोगाची आहे. तब्येत बिघडू लागल्याची माझी लक्षणे कोणती, अशा वेळी कोणाला फोन करायचा आणि कोणाला करायचा नाही, हे मी स्वतः बरा असताना लिहून ठेवले होते. कारण न सांगता काही काळ रजा आणि परत आल्यावर तेच काम, हेही त्यात होते. बैठका दुपारी ठेवल्या, कारण रात्रीच्या औषधांची झापड अनेकांना सकाळभर असते. स्वतःची कहाणी किती सांगायची हे ज्याचे त्याने ठरवायचे; अनुभव आहे म्हणून दर बैठकीत साक्ष द्यावी लागत नाही.

मानधन मात्र आधीच ठरवून घ्यावे. वाचनाच्या वेळेचेही मानधन मागावे. कोणाला आजारपणाचा भत्ता मिळत असेल, तर या रकमेने त्यावर परिणाम होतो का, हे पहिल्या रकमेआधी विचारावे.

इतका खटाटोप कशासाठी, असे एका नातेवाइकाने मला विचारले होते. माझे उत्तर असे: विद्युत-उपचारांविषयी (मेंदूला विजेचा सौम्य झटका देऊन केलेल्या उपचारांविषयी) रुग्णांचे मत तपासणारा एक आढावा २००३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासांत समाधानाचे प्रमाण अधिक दिसत होते आणि रुग्णांनी स्वतः किंवा रुग्णांच्या साथीने केलेल्या अभ्यासांत कमी. किमान एक तृतीयांश रुग्णांनी स्मरणशक्तीचे नुकसान टिकून राहिल्याचे सांगितले होते. उपचारानंतर लगेच, रुग्णालयातच, मोजक्या प्रश्नांत विचारले की एक उत्तर येते. नंतर, बाहेर, सविस्तर विचारले की दुसरे. आमच्या मसुद्यातही ‘औषधे नियमित घेता का?’ हा पहिला प्रश्न होता. घरी गेलेला कोणताही रुग्ण त्याला ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी आम्ही ‘गेल्या आठवड्यात कोणता डोस नकोसा वाटला आणि का?’ असे विचारले आणि वजन, झोप, लाज यांविषयी लोक मोकळेपणाने बोलू लागले.

लेखात नाव येण्याचा मुद्दाही सुरुवातीलाच मिटवावा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचे चार निकष आहेत: भरीव योगदान, लेखन किंवा सुधारणा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि जबाबदारी. ते पूर्ण करणाऱ्याचे नाव आभारांत नव्हे, लेखकांत यायला हवे. आमच्या मंजुरीपत्राची प्रत आणि तो एका पानाचा तक्ता आता मॅडम प्रत्येक नव्या अर्जाला सुरुवातीलाच जोडतात.