हाली, कलदार आणि जालन्याची एक पेढी

२०२३ साली मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात मोडी वाचणाऱ्यांना उसंत उरली नाही. त्या नोंदी शोधणं हेच माझंही रोजचं काम. जालन्याच्या सदर बाजारातल्या त्या पेढीवर गेलो तेही त्यासाठीच. एका शेतकरी कुटुंबाचे पणजोबा तिथं कापूस घालायचे. वहीत नावापुढं जात लिहिलेली असेल, एवढीच आशा.

"पुढच्या महिन्यात पाडायचीच आहे सर," मालक काका म्हणाले. "माळ्यावर काय असंल ते बघून घ्या." अख्खा बाजार त्या इमारतीला नुसतं 'गोदाम' म्हणतो.

वह्या लाल कापडात बांधलेल्या. काही महाजनीत, म्हणजे व्यापाऱ्यांच्या जुन्या लिपीत, त्या मला लागत नाहीत. मोडीतली एक निजामी राज्यातल्या सन १३४० फसलीची, म्हणजे १९३०-३१ ची. पहिल्या पानावर श्री, खाली एकच ओळ: कलदार १००, हाली ११६॥= आणि पुढं ८ पै. उभ्या दोन रेघा आठ आण्यांच्या, आडव्या दोन आण्यांच्या.

त्या ओळीत सगळी पेढी होती. निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. सहा कलदारांना सात हाली. शेतकऱ्याचा हिशोब हालीत, मुंबईच्या व्यापाऱ्याचा कलदारात. म्हणून पानोपानी दोन रकाने आणि मधे बट्टा, म्हणजे नाणं बदलताना कापलेली रक्कम. सरकी वेगळी, रुई वेगळी, गाठी बांधायची मजुरी वेगळी. निजामाची सीमाजकात, म्हणजे करोडगिरी, तीही मांडलेली. जालन्याची रेल्वे मीटर गेज, मनमाडपुढं ब्रॉड गेज. तिथं गाठी उतरवून पुन्हा भरायच्या, त्याची हमालीसुद्धा पै-पैपर्यंत लिहिलेली. कारकुनाचं अक्षर इतकं सुबक, की मी हिशोब सोडून नुसता हातच बघत बसलो.

मग कोपऱ्यातला शिसवी गल्ला नीट पाहिला. आत दोन कप्पे, दोन्हींना वेगवेगळी कुलपं.

"एकात आम्ही गोट्या ठेवायचो," काका म्हणाले. "दोन कशाला, ते कधी विचारलंच नाही."

मी वही त्यांच्यापुढं धरली आणि दोन्ही रकाने वाचून दाखवले. ते खालीच बसले.

निजामी राजवट म्हटलं की आपल्याकडं रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८, एवढंच निघतं. ते निघायलाच हवं. पण दोन राज्यांच्या दोन नाण्यांमधून इथल्या शेतकऱ्याचा कापूस कसा गेला, बट्टा कोणाच्या पदरात पडला, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही. जालन्याला 'सोने का पालना' म्हणताना ते सोनं कोणत्या नाण्यात मोजलं, हेही नाही.

पणजोबांचं नाव सापडलं. जात नव्हती. "राहू द्या सर, नाव तर निघालं," म्हणत त्यांच्या पणतूनं त्या पानाचे चार फोटो काढले.

काकांनी वह्या स्कॅनिंगसाठी माझ्याकडं दिल्यात. पाडकाम त्यांनी थांबवलेलं नाही, पण आर्किटेक्चरची मुलं येत्या रविवारी मोजमापं घ्यायला येतायत, तोवर भिंतींना हात लावायचा नाही असं ठरलंय. महाजनी वाचणारं कोणी असेल तर मला हवं आहे. निम्म्या वह्या त्याच लिपीत आहेत.