आभाळ आल्यावर

जेवणं उरकून जरा आडवं व्हावं म्हटलं, तर आभाळ भरून आलं. सोसायटीतल्या गॅलऱ्यागॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे काढायची धांदल, आणि मी कॅमेरा शोधतेय. "कपडे कोण काढणार?" असं आतून कुणीतरी विचारलं. मी ऐकलं नाही. भाद्रपदात पुण्यावर असं पांढुरकं, न बरसणारं आभाळ किती वेळ टिकेल त्याचा नेम नसतो, आणि तेवढ्यात वेताळ टेकडी गाठायची असते.

भर उन्हातलं रानफूल डोळ्यांना छान दिसतं, फोटोत नाही. कळलावी तर नाहीच. तिचा लाल कॅमेऱ्याला झेपत नाही; पाकळीच्या लाटा, पिवळी कड, सगळं जाऊन नुसता भगवा डाग उरतो. ढगाखाली तीच पाकळी बघत बसावी, लाल कुठे संपला नि पिवळा कुठे लागला ते सापडत नाही. शिवाय ही बाई उमलते खाली तोंड करून. पाकळ्या वर वळवलेल्या, पुंकेसर चहूबाजूंना आडवे पसरलेले आणि मधला स्त्रीकेसर मुळाशीच काटकोनात वळून एकीकडे गेलेला. उभ्यानं फोटो काढला तर यातलं काहीच दिसत नाही. आधी बसावं लागतं, मग सरळ चिखलात झोपावं लागतं.

आणि टेकडीवर कुणी झोपलं की पुणेकर थांबतात. "काही हरवलंय का?" हे सौम्य. एका आजोबांनी "चक्कर आली का हो?" म्हणून पाण्याची बाटली पुढे केली. कळलावीचा फोटो काढतेय म्हटल्यावर "विषारी असते ती," एवढं सुनावून, बाटलीचं झाकण लावून चालू पडले.

आमचे अण्णाकाका मला असं झोपलेलं बघते तर काय म्हणाले असते! त्यांच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, एका रोलात बारा फोटो. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, हा त्यांचा एकमेव नियम. तो पाळायला सारसबागेत ऐन बाराच्या उन्हात सगळं खानदान ओळीनं उभं. ते "डोळे उघडा" म्हणायचे तसतसे आमचे आणखी मिटायचे. अल्बमभर सगळी भावंडं कपाळाला आठ्या घालून, आणि आत्याचा हात प्रत्येक फोटोत डोळ्यांवर. सगळ्यांचे डोळे उघडे आहेत असा फोटो एकच, पावसाळ्यात वाड्याच्या ओसरीवर काढलेला. "काळपट आलाय" म्हणून काकांनी तो चिकटवलाच नाही, दोन पानांत सारून ठेवला. त्यात आईच्या साडीच्या काठाची नक्षीसुद्धा कळते.

असो. फुलाच्या फोटोत मला खटकतं ते वेगळंच. बाटलीनं पाणी फवारून 'दवबिंदू' करणारे लोक. फूल बरोब्बर मधोमध ठेवून चारही बाजूंनी सारखी जागा सोडणारे लोक. आणि आडवं येतं म्हणून शेजारचं गवत उपटणारे; त्यांच्याशी तर मी बोलतच नाही. गवताचं पातं डाव्या हाताच्या करंगळीनं बाजूला धरता येतं की! तेवढ्यात वारा सुटतो हे खरं. इतक्या जवळून टिपताना जेमतेम दोनेक मिलिमीटर फोकसमध्ये असतं, आणि फूल डोलतं त्याच्या कितीतरी पट. मग श्वास धरून पडून राहायचं.

ढगांचं एवढं कौतुक केलं, पण कुर्डूला ते चालत नाहीत. त्याला संध्याकाळचं तिरपं ऊन पाठीमागून हवं. मग त्या कागदी, गुलाबी-रुपेरी तुऱ्याची कड न् कड उजळते. अण्णाकाकांचा नियम इथे पार उलटा.

फक्त कोथरूडच्या बाजूला कॅमेरा वळवला की तुऱ्यामागे इमारत येते. लेन्सचं छिद्र मोठं ठेवलं तर ती विरघळून करडा धूर होते, आणि खरं सांगायचं तर वाईट दिसत नाही. टेकडीतून रस्ता काढायचा वाद कित्येक वर्षं चालूच आहे. झाला, तर तो कळलावीच्या कंदांवरूनच जाईल.