पीएच.डी. झाली, आता शिकवायला शिका

ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत नव्या लेक्चररच्या नेमणूकपत्रातच एक अट असते. प्रोबेशन संपायच्या आत उच्च शिक्षणातल्या अध्यापनाचा पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट अभ्यासक्रम पूर्ण करायचा. पीएच.डी. असो, नावावर चांगले शोधनिबंध असोत, त्यातून सुटका नाही. विषय येतो हे मुलाखतीत सिद्ध झालेलं असतं. तो शिकवता येतो का, हा प्रश्न स्वतंत्र मानतात आणि त्याचं उत्तर नोकरी करता करता द्यावं लागतं.

मी इथे संख्याशास्त्र शिकवते, तेही मुख्यतः नर्सिंगच्या, मानसशास्त्राच्या आणि बिझनेसच्या मुलांना, म्हणजे ज्यांनी संख्याशास्त्र हौसेने निवडलेलं नाही अशांना. भारतातल्या प्राध्यापक मैत्रिणींशी बोलणं झालं की एक प्रश्न हमखास येतो, "तिकडे तुमचं ओरिएंटेशन-रिफ्रेशर असतं का गं?" म्हणजे प्राध्यापकांचे नोकरीतले प्रशिक्षणवर्ग. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं या प्रश्नावर अन्याय करणारं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्टिफिकेट अभ्यासक्रम साधारण ६० क्रेडिटचा असतो. इथे एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचा अभ्यास असा हिशोब आहे, तेव्हा कागदावर ६०० तास झाले. पूर्ण मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं, म्हणजे हा त्याचा तिसरा हिस्सा. वर्गात कायद्याचे, स्थापत्यशास्त्राचे, नृत्याचे, नर्सिंगचे असे सगळ्या विभागांचे नवे शिक्षक एकत्र बसतात. व्याख्यानं थोडी असतात. मुख्य कच्चा माल म्हणजे तुम्ही त्या सत्रात प्रत्यक्ष शिकवत असलेला विषय.

सुरुवातीच्या कामांपैकी एक असं असतं की तुमच्या एका पेपरचा अभ्यासक्रम समोर ठेवा आणि तीन गोष्टी ताडून पाहा. शेवटी विद्यार्थ्याला काय करता यावं असं लिहिलंय? परीक्षेत काय विचारलंय? आणि वर्गात त्यासाठी काय घडतं? जॉन बिग्ज या शिक्षणतज्ज्ञाने १९९०च्या दशकात ही मांडणी केली. ऐकायला साधी वाटते, पण प्रत्यक्ष ताडून पाहिलं की बऱ्याच पेपरांत तीन गोष्टींची तोंडं तीन दिशांना निघतात. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या पेपरचं उद्दिष्ट होतं, 'संशोधनातली आकडेवारी वाचून निष्कर्ष कितपत टिकतो हे ठरवता यावं.' परीक्षेत मात्र सूत्रात किमती घालून 'टी' (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची संख्या) काढायला सांगितलं होतं. नर्सला वॉर्डात टी कधीच काढावा लागत नाही. अमुक औषधाने फरक पडला असं सांगणारा तक्ता समोर आला तर त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे मात्र तिला ठरवावं लागतं. आता त्या पेपरात मी छापील तक्ता देते आणि यावरून काय म्हणता येईल, काय म्हणता येणार नाही, ते लिहायला सांगते. उत्तरपत्रिका तपासायला वेळ जास्त लागतो, पण वाचताना मूल काय समजलंय ते दिसतं.

हे सगळं इथे परंपरेने चालत आलेलं आहे असं मात्र समजू नका. ब्रिटनमध्येही बराच काळ समज हाच होता की विद्वान माणूस आपोआप चांगला शिक्षक होतो. १९९७ साली रॉन डिअरिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने उच्च शिक्षणाचा मोठा अहवाल दिला आणि विद्यापीठातल्या शिक्षकांसाठी अध्यापनाच्या प्रशिक्षणाची, त्याला मान्यता देणाऱ्या संस्थेची शिफारस केली. त्यातून आधी एक संस्था उभी राहिली, २००४ मध्ये तिच्या जागी हायर एज्युकेशन अकॅडमी आली आणि २०१८ मध्ये विलीनीकरण होऊन तिची 'अॅडव्हान्स एचई' झाली. अध्यापनाचा देशव्यापी मानदंड २००६ मध्ये आला, २०११ आणि २०२३ मध्ये सुधारला गेला. म्हणजे एका पिढीच्या आत झालेला बदल आहे हा. आपल्याकडे ओरिएंटेशन-रिफ्रेशर चालवणाऱ्या अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजांची सुरुवात १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर लगेचची, हे लक्षात घेतलं तर संस्था उभारण्यात आपण मागे नव्हतो. उलट पुढेच होतो.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो वर्गाच्या शेवटच्या बाकावर आहे.

इथे सहकारी येऊन तुमचा तास बघतात, आणि त्याची एक पद्धत ठरलेली असते. तासाआधी दोघं भेटतात. मी काय बघू, असं येणारा विचारतो. मग तास होतो. नंतर त्याच आठवड्यात, आठवणी ताज्या असताना, पुन्हा बसून बोलणं होतं. सर्टिफिकेटसाठी पाहिलेल्या तासांची नोंद तुमच्या कामाच्या फाइलीत जाते. एरवी सहकाऱ्यांनी एकमेकांचे तास बघायचे त्याचा कागद बहुतेक ठिकाणी ज्याचा तास त्याच्याकडेच राहतो. तो विभागप्रमुखाकडे जात नाही, बढतीच्या गुणांत धरला जात नाही. त्यामुळे माणूस मोकळेपणाने सांगू शकतो की मला ही बाजू नीट जमते का ते बघ.

एकदा मी एका सहकाऱ्याला म्हटलं, वर्गात कोण बोलतं एवढंच बघ. त्याने कागदावर बाकांचा नकाशा काढला आणि जो जो बोलला त्याच्या जागेवर खूण केली. तासाभरानंतर तो कागद पाहिला तर खुणांचा सगळा गठ्ठा खिडकीकडच्या पुढच्या दोन रांगांत. वर्ग छान बोलका आहे असं कुणीही म्हणालं असतं, मलाही तसंच वाटत होतं, पण बोलका होता तो वर्गाचा एक कोपरा. त्यानंतर मी प्रश्न विचारल्यावर आधी शेजाऱ्याशी बोला, मग जोडीने सांगा, असं सुरू केलं. नकाशा दुसऱ्यांदा काढला तेव्हा खुणा पसरलेल्या होत्या.

दुसऱ्यांचे तास बघायला जाणं तर मला त्याहून मोलाचं वाटतं. सुईणींच्या अभ्यासक्रमाला शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचा तास मी पाहिला. त्या प्रश्न विचारायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. ती शांतता लांबत जायची, आपल्याच अंगावर यायची, आणि मग मागून कुठून तरी एखादी मुलगी बोलायला लागायची. तासानंतर त्यांनी मला मेरी बड रो यांच्या संशोधनाबद्दल सांगितलं. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत रो यांना आढळलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि स्वतःच पुढे बोलू लागतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलं बोलतात. संशोधन शाळेतलं, पण मी त्याचा परिणाम विद्यापीठातल्या वर्गात डोळ्यांनी पाहिला. विषय प्रसूतीचा, त्यातलं मला काहीच कळत नव्हतं. कदाचित म्हणूनच फक्त शिकवण्याकडे लक्ष गेलं. दुसऱ्या विभागातला तास बघायला जा, असं मी प्रत्येकाला सांगते ते यासाठी.

आपल्याकडे शेवटच्या बाकावर कुणी बसलं की ती तपासणी असते. विद्यापीठाची समिती, नॅकची टीम, नाहीतर संस्थेचे कुणी पदाधिकारी. पण हे कौशल्य आपल्याकडे नाही असं अजिबात नाही. बी.एड. करणाऱ्या प्रत्येकाने सराव पाठ दिलेले असतात, सूक्ष्म अध्यापन केलेलं असतं, पाठ निरीक्षणाच्या वह्या भरलेल्या असतात. शाळेत शिकवायला हे लागतं असं आपण मानलं. महाविद्यालयात शिकवायला मात्र नेट-सेट पुरते. तिथे पहिल्या पेपरात अध्यापन अभिवृत्ती आहे, पण ती पर्याय निवडून दाखवायची. प्रत्यक्ष तास कुणी पाहत नाही. माझ्या ओळखीत असे अनेक जण आहेत की त्यांच्याच आवारात बी.एड. महाविद्यालय आहे आणि दोन इमारतींमध्ये या विषयावर कधी बोलणं झालेलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण परदेशात येऊन मी जे शिकले त्यातलं बरंच समोरच्या इमारतीत शिकता आलं असतं.

आता फेलोशिपबद्दल, कारण नावामागची अक्षरं पाहून पुष्कळ जण विचारतात. इथे फेलोशिप म्हणजे पैसे नव्हेत, अॅडव्हान्स एचईने दिलेली अध्यापनाची मान्यता आहे. पायऱ्या चार आहेत. असोसिएट फेलो, फेलो, सीनियर फेलो आणि प्रिन्सिपल फेलो. पीएच.डी. करता करता ट्यूटोरियल घेणारे विद्यार्थी बहुधा पहिल्या पायरीवर असतात आणि पूर्णवेळ शिकवणारे दुसऱ्या. तिसऱ्यासाठी तुमच्यामुळे इतरांचं शिकवणं बदललं हे दाखवावं लागतं. चौथी धोरण पातळीवर काम करणाऱ्यांसाठी. २०२३च्या मानदंडात १५ मुद्दे आहेत, पाच कामांचे, पाच ज्ञानाचे, पाच मूल्यांचे. अर्जात किती वर्षं शिकवलं ते मोजत नाहीत. काय केलं, का केलं, त्याने काय झालं आणि पुढे काय बदललं, ते स्वतःच्या वर्गातले दाखले देऊन लिहायचं. सहकाऱ्यांची शिफारसपत्रं जोडायची. मग परीक्षक मंडळ ते वाचतं.

आपल्याकडचे प्राध्यापक भारतातूनही थेट अॅडव्हान्स एचईकडे अर्ज करू शकतात, शुल्क भरावं लागतं. ज्यांना ब्रिटनमध्ये किंवा ही फेलोशिप मानणाऱ्या इतर विद्यापीठांत नोकरी शोधायची आहे त्यांनी जरूर करावी. नुसत्या अक्षरांसाठी मात्र करू नये. ठरावीक शब्द वापरून लिहिलेले, आत वर्गाचा मागमूस नसलेले अर्जही मी वाचले आहेत.

शिकण्याची आणखी एक जागा आहे, जिला इथे कुणी प्रशिक्षण म्हणत नाही. ती म्हणजे एक्स्टर्नल एक्झामिनरचं काम. दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका परीक्षेआधी वाचायच्या, तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा नमुना पाहायचा, गुणदान सर्वांना सारखं झालंय का यावर मत द्यायचं, वर्षाअखेरीच्या बैठकीला बसायचं. आपल्या कॅपमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासणी केंद्रात, गठ्ठ्यावर गठ्ठे तपासताना मान वर करायला वेळ नसतो. इथे मात्र एकाच उत्तराला एका परीक्षकाने ५८ आणि दुसऱ्याने ६५ का दिले, यावर शांतपणे बोलता येतं. गुण देण्याबद्दल मला जे काही कळतं त्यातलं बरंचसं या बैठकांतून आलेलं आहे.

एका बाबतीत आपली पद्धत मला सरस वाटते. रिफ्रेशर कोर्स विषयाचा असतो. राज्याराज्यांतून आलेले संख्याशास्त्राचेच लोक एका खोलीत बसतात आणि विषयातलं नवं काय ते बोलतात. इथला सर्टिफिकेट कोर्स सगळ्या विषयांना एकत्र बांधतो, त्यामुळे गृहीतकाची चाचणी घाबरलेल्या मुलांना कशी शिकवावी, याचं उत्तर तिथे मिळत नाही. पूर्वी हायर एज्युकेशन अकॅडमीची २४ विषय-केंद्रं होती. ती २०११च्या सुमारास बंद झाली, आणि ते नुकसान जुने सहकारी आजही बोलून दाखवतात. गणित-संख्याशास्त्राच्या बाबतीत 'सिग्मा' नावाचं, हा विषय शिकवणाऱ्या-शिकणाऱ्यांना मदत करणारं जाळं आहे, म्हणून आमचं त्यातल्या त्यात बरं चाललंय. तेव्हा आपल्याकडचे विषयवार रिफ्रेशर ऑनलाइन आणि छोटे करण्याच्या नादात पातळ होऊ नयेत, असं मला कळकळीने वाटतं. केंद्रांची नावं बदलत गेली. स्टाफ कॉलेजचं २०१५ मध्ये एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्र) झालं, २०२३ मध्ये मालवीय मिशन आलं. नावापेक्षा तिथून परतलेल्या माणसाच्या वर्गात काही बदललं का, हे विचारणारी व्यवस्था हवी. सध्या प्रमाणपत्र कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलीला लागतं आणि गोष्ट संपते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पीएच.डी.च्या नव्या विद्यार्थ्यांना अध्यापनाचे क्रेडिट अभ्यासक्रम घ्यायला लावायचं म्हटलं आहे. ते नीट झालं तर फार मोठी गोष्ट होईल, फक्त त्यात प्रत्यक्ष तास घेणं आणि तो कुणीतरी पाहणं असायला हवं.

सगळ्यात अवघड प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं काय? इथेही तासावर शिकवणारे पुष्कळ आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांना बऱ्याचदा तेच भेटतात, आणि प्रशिक्षणाला बसलेल्या तासांचे पैसे मिळतील याची त्यांना खात्री नसते. २०१९-२०च्या संपांत शिक्षक संघटनेने पगार, कामाचा बोजा आणि समानतेबरोबर अशा अस्थायी नेमणुकांचाही मुद्दा लावून धरला होता. महाराष्ट्रात सीएचबीवर, म्हणजे अशाच तासिका तत्त्वावर, वर्षानुवर्षं काढलेल्या माझ्या मैत्रिणी आहेत. रिफ्रेशरसाठी त्यांना कुणी सोडत नाही. सोडलंच तर त्या दिवसांचे तास बुडतात आणि तेवढं मानधनही. त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही अशा प्रशिक्षणाच्या आकड्यांना मी तरी फारशी किंमत देत नाही.

इकडे नोकरीसाठी मुलाखत देणार असाल तर शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं नक्की विचारतात. तेव्हा गप्प बसू नका. सर्टिफिकेट करताना पहिल्या वर्षी शिकवण्याचे किती तास कमी होतील, ते विचारा. काही विभाग खरोखर कमी करतात, काही नुसतं म्हणतात, आणि मग ६०० तास रात्री आणि रविवारी काढावे लागतात. आधी शिकवण्याचा अनुभव असेल तर त्यातून सूट आहे का, थेट फेलोशिपचा अर्ज चालेल का, तेही विचारा. आणि जे उत्तर मिळेल ते ईमेलवर लिहून मागा.